आईबाबांचा फोन आणि खाती: एक सकाळ बँकेत, एक दुपार घरी

‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे वाक्य आता सत्तरीतल्या माणसांनाही पाठ आहे. तरीही पैसे जातात, कारण हल्लीच्या मोठ्या फसवणुकींत ओटीपी विचारावाच लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल उघडली की आत बसलेलं अ‍ॅप एसएमएस परस्पर वाचतं आणि पुढे पाठवतं. दुसऱ्या प्रकारात तर फोनमध्ये कुणी शिरलेलंही नसतं. व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या पोलिसाला घाबरलेला माणूस स्वतः बँकेत जाऊन एफडी मोडतो आणि आरटीजीएस करतो. या दोन्ही ठिकाणी ‘सावध राहा’ सांगून फारसं काही साधत नाही. साधतं ते पैसे आणि फोन यांची मांडणी बदलून. चूक झालीच, तर ती पाच-दहा हजारांत आटपली पाहिजे.

हे काम आईबाबांना शेजारी बसवूनच करा. त्यांच्या नकळत सेटिंग बदललं, तर पहिल्यांदा काही अडलं की ते मोबाइलच्या दुकानात जातात आणि तिथला मुलगा सगळं पूर्ववत करून देतो. शिवाय फोन त्यांचा, पैसे त्यांचे. परवानगी विचारणं हे साधं सौजन्य आहे.

आधी बँक

पेन्शन, ठेवी, घर विकून आलेली रक्कम ज्या खात्यात आहे ते खातं आणि भाजी-औषधांचं खातं वेगळं हवं. बहुतेक घरांत खाती दोन असतात, पण दोन्हींना मोबाइल नंबर एकच दिलेला असतो. सगळी गोम तिथेच आहे. यूपीआय तुमचं खातं शोधतं ते मोबाइल नंबरावरून. एकाच नंबरावर तीन बँकांची खाती असतील, तर फोन ताब्यात घेणाऱ्याला तिन्ही जोडून घेता येतात. यूपीआय पिन नव्याने ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. बऱ्याच बँकांत त्याऐवजी आधारच्या ओटीपीवरही काम होतं. ओटीपी त्याच फोनवर येतो, म्हणजे किल्ली कुलपातच अडकवून ठेवलेली.

उपाय स्वस्त आहे. एक साधा, बटणांचा फोन घ्या. त्यात आईच्या किंवा बाबांच्या स्वतःच्या नावावर नवं सिम टाका. मोठ्या खात्याला हा नंबर लावा. फोन घरातच राहू दे, त्यात इंटरनेट नको. या खात्याचे ओटीपी आता स्मार्टफोनवर येणारच नाहीत, आणि तिथल्या यूपीआयला हे खातं सापडणार नाही.

शाखेत जाताना पासबुक, आधार, पॅन आणि त्यांच्या प्रती घ्या. खातं संयुक्त असेल तर दोघांच्या सह्या लागतात, म्हणून दोघांनाही न्या. मोबाइल नंबर बदलण्याचा अर्ज देताना त्याच खेपेत आणखी दोन गोष्टी लेखी मागा: या खात्याची यूपीआय नोंदणी रद्द करणं आणि नेटबँकिंग वापरात नसेल तर ते बंद करणं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नका. काउंटरवरचे लोक ‘होऊन जाईल’ म्हणतात. शिक्का असला की ते खरोखर होतं.

या व्यवस्थेत दोन गोष्टी बिघडू शकतात. साध्या फोनचं रिचार्ज संपलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर काही महिन्यांनी सिम बंद होतं आणि पुढे तो नंबर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. म्हणून रिचार्जची तारीख तुमच्या फोनमध्ये टाका, आईबाबांच्या नव्हे. दुसरं, केवायसीच्या वेळी किंवा मोठ्या रकमेचा धनादेश वटवताना बँक याच नंबरावर फोन करते. फोन कपाटात बंद पडलेला असेल तर धनादेश अडकतो. तो टीव्हीजवळ चार्जरला लावलेला बरा.

एफडीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. बहुतेक ठेवी ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असणारा’ या पद्धतीच्या असतात. कुणा एकाच्या सहीने ठेव मुदतीपूर्वी मोडता येईल की नाही, हे बँकेच्या अटींवर आणि तुम्ही दिलेल्या संमतीवर ठरतं; शाखेत ते विचारूनच घ्या. मोठ्या ठेवींना मुलाचं किंवा मुलीचं नाव लावून ‘दोघांच्या सहीने’ अशी पद्धत ठेवली, तर खोट्या पोलिसाच्या फोनवरून घाईघाईने ती मोडता येत नाही. नवरा-बायको दोघांचीच नावं असून उपयोग नाही, कारण अशा कॉलवर दोघांनाही एकाच खोलीत बसवून ठेवलेलं असतं. मात्र सगळ्याच ठेवी अशा बांधून टाकू नका. रात्री रुग्णालयात अनामत भरायची वेळ येते तेव्हा परगावी असलेल्या मुलाची सही कुठून आणणार? दोन-तीन लाखांची एक ठेव जुन्याच पद्धतीने राहू द्या. ‘दोघांच्या सहीने’ ठेवलेल्या ठेवीत एकजण गेला तर कागदपत्रं वाढतात, हेही ध्यानात ठेवून वारसनोंद आजच करून घ्या.

यूपीआय आणि कार्ड

भाजीच्या खात्यात महिन्याचा खर्च तेवढाच ठेवा. या खात्यावर यूपीआय राहू द्या. रोखीचा आग्रह धरून आईबाबांना आता कोपऱ्यावरच्या दुकानातही अडचण होते. याहून घट्ट बंदोबस्त हवा असेल तर यूपीआय सर्कल बघा. त्यात खातं तुमचं असतं आणि आईच्या फोनवरून पैसे दिले जातात. दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक वेळी तुमच्या फोनवर विनंती येते आणि तुम्ही पिन टाकल्यावरच पैसे जातात. दुसऱ्यात तुम्ही महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपयांची मर्यादा घालून देता, आणि एका वेळी ५,००० पर्यंत आई तुम्हाला न विचारता देऊ शकते. पहिला प्रकार कागदावर चांगला वाटतो, पण तुम्ही मीटिंगमध्ये आणि आई केमिस्टकडे उभी, असं दोनदा झालं की ती ते वापरणं सोडून देते. दुसरा घ्या.

पिनबद्दल एकच गोष्ट पक्की करून घ्या, आणि ती तोंडपाठ होईपर्यंत म्हणवून घ्या: पिन लागतो तो पैसे जाताना आणि शिल्लक बघताना. पैसे येताना पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला की ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणणारा गिऱ्हाईक भेटतोच. दोन व्यक्तींमधल्या ‘पैसे मागण्याच्या’ विनंत्या १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर बंद झाल्या, त्यामुळे त्या वाटेची लूट आटली. क्यूआरची वाट अजून उघडी आहे.

डेबिट कार्डावर बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेतून आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि ऑनलाइन खरेदी बंद करता येते. दोन्ही बंद करा. पिनशिवाय कार्ड टेकवून ५,००० पर्यंत पैसे जातात, तीही सोय लागत नसेल तर काढून टाका. एटीएमची रोजची मर्यादा दहा हजारांवर आणा.

फोन

अँड्रॉइडच्या प्रत्येक कंपनीत मेनूची नावं थोडी बदलतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत इंग्रजी शब्द टाइप करा.

सगळ्यात महत्त्वाचं हे: सेटिंग्ज, अ‍ॅप्स, स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस, आणि तिथे ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’. यादीत व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल्स, टेलिग्राम, जे जे दिसेल त्या सगळ्यांसमोर ‘नॉट अलाउड’ असलं पाहिजे. एपीके फाइल म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून बसणारं अ‍ॅप. लग्नाची पत्रिका, पीएम किसान, बँकेची केवायसी, गॅसचं बिल अशा कोणत्याही नावाने ती येते. हा दरवाजा लावलेला असला की फाइल दाबली तरी फोन अडवतो. सॅमसंगच्या नव्या फोनमध्ये ‘ऑटो ब्लॉकर’ नावाचं एकच बटण हे काम करतं. मग प्ले स्टोअर उघडून, वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर दाबून, प्ले प्रोटेक्ट सुरू आहे का बघा. ते कुणी बंद करायला लावलं असेल तर तिथेच संशय घ्या.

आता जे आधीच शिरलंय ते शोधायचं. तीन ठिकाणं तपासा. पहिलं, अ‍ॅक्सेसिबिलिटी: तिथे ‘डाउनलोडेड अ‍ॅप्स’खाली काही दिसलं आणि घरात कुणी स्क्रीन रीडर वापरत नसेल, तर ते बंद करा. ही परवानगी मिळालेलं अ‍ॅप पडद्यावरचं सगळं वाचतं आणि बटणंही दाबू शकतं. दुसरं, परवानग्यांमध्ये एसएमएस: मेसेज, फोन आणि बँक-यूपीआयची अ‍ॅप्स सोडून कुणालाही एसएमएस वाचायचं कारण नाही. टॉर्च, कॅलेंडर, भजनांचं अ‍ॅप यांना तर नाहीच. तिसरं, ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’: तिथलं अनोळखी अ‍ॅप आधी निष्क्रिय करावं लागतं, नाहीतर ‘अनइन्स्टॉल’चं बटण फिकट राहतं आणि माणूस हैराण होतो. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विकसपोर्ट या दुरून फोन चालवू देणाऱ्या अ‍ॅप्सपैकी काही सापडलं तर काढा, आणि ते कुणी टाकायला सांगितलं होतं हे शांतपणे विचारा. रागावून विचारलंत तर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणार नाहीत. फसवणाऱ्याला हवं असतं ते नेमकं हेच.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चार गोष्टी. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून सहा आकडी पिन ठेवा आणि तो घरच्या वहीत लिहा. विसरला तर सात दिवस खोळंबा होतो. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी संगणक किंवा ब्राउझर दिसला तर लॉगआउट करा. प्रायव्हसीमध्ये ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ लावा. डिजिटल अटकेची, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या त्या खोट्या पोलिसाच्या फसवणुकीची, सुरुवात बहुधा अनोळखी नंबरावरच्या कॉलने होते; हे सेटिंग असलं की व्हॉट्सअ‍ॅप कॉलची घंटाच वाजत नाही. ग्रुपमध्ये जोडण्याची परवानगी ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर आणा, म्हणजे शेअर बाजाराच्या ‘टिप्स’चे ग्रुप आपोआप मागे पडतील.

कॉल दुसरीकडे वळवण्याची युक्तीही चालते. ‘पार्सल पोचवायचंय, हा कोड फिरवा’ म्हणून *२१*, *६१*, *६७* किंवा *४०१* ने सुरू होणारा नंबर लावायला सांगतात. तो लावला की येणारे कॉल भामट्याकडे जातात, त्यात फोनवरून ओटीपी सांगणारे कॉलही आले. तपासायला *#२१# लावा, रद्द करायला ##००२#. कोड चालला नाही तर फोनच्या डायलरमधल्या कॉल फॉरवर्डिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा.

आधार आणि सिम

आधारच्या ठशांवर बँक मित्राकडून, म्हणजे बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्या प्रतिनिधीकडून, पैसे काढता येतात, त्याला ओटीपी लागत नाही. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठे उचलून त्यांचे रबरी साचे केल्याची प्रकरणं हरियाणा, तेलंगणात उघडकीस आली आहेत. आपल्याकडे सातबारा-दस्तांच्या निमित्ताने अंगठा किती ठिकाणी उमटवलेला असतो याचा हिशेब नाही. आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून किंवा आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून, आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी घेऊन, बायोमेट्रिक लॉक करा. हे फुकट आहे.

पण लॉक केल्याचं सगळ्यांनाच आठवत नाही. मग रेशन दुकानात अंगठा घेत नाही, नवं सिम मिळत नाही, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना यंत्र ३३० क्रमांकाची चूक दाखवतं. दुकानदार म्हणतो, ‘आजी, तुमचे ठसे झिजलेत.’ ठसे ठीक असतात. लॉक उघडलेलं नसतं. त्या कामापुरतं ते उघडा, नंतर पुन्हा लावा. महिन्याला रेशन घेणाऱ्या घरात ही कटकट खरी आहे, तेव्हा कोण उघडून देणार ते आधी ठरवा.

संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर मोबाइल नंबर टाकून त्या व्यक्तीच्या नावावर किती सिम चालू आहेत ते कळतं. एका माणसाला बहुतेक राज्यांत नऊपर्यंत सिम घेता येतात. यादीत अनोळखी नंबर दिसला तर ‘माझा नंबर नाही’ निवडून तक्रार नोंदवा. फोन हरवला तर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बंद करण्याची सोयही तिथेच आहे. त्यासाठी पंधरा आकडी आयएमईआय आज *#०६# लावून वहीत लिहून ठेवा.

खरं-खोटं ओळखण्यासाठी फार खुणा शिकवू नका, गोंधळ वाढतो. तीन पुरेत. बँकेचं संकेतस्थळ आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतं. व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी टी, एस, पी किंवा जी यांपैकी एक अक्षर असतं. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार’ असा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरावरून आला, तर तो महावितरणचा नाही. शंका असेल तर १९१२ ला फोन करा. आणि डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हे सांगितलं होतं, त्या कार्यक्रमाचे श्रोते घरात असतील तर हा दाखला तुमच्या सांगण्यापेक्षा जास्त लागू पडतो.

पैसे गेलेच तर

दोन माणसांनी दोन फोन धरायचे. एकाने १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, दुसऱ्याने बँकेच्या कार्डामागे छापलेल्या नंबरावर. गुगलवर शोधून सापडलेला ‘कस्टमर केअर’चा नंबर लावू नका, त्यातले बरेच भामट्यांचेच असतात. चोरलेले पैसे भाड्याने घेतलेल्या एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात मिनिटांत फिरतात. १९३० वरची नोंद त्या साखळीतल्या बँकांकडे जाते आणि जिथे जेवढी रक्कम उरली असेल तेवढी गोठते. म्हणून ‘आधी मुलगा येऊ दे, मग ठरवू’ यात गेलेला तास सगळ्यात महाग पडतो. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर थेट तक्रार भरा.

हाताशी एवढं हवं: खातं कोणत्या बँकेचं, खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा यूटीआर बारा आकडी असतो आणि व्यवहाराच्या तपशिलात मिळतो. समोरच्याचा नंबर आणि यूपीआय आयडीही टिपा. १९३० वर तक्रार नोंदली तरी पोर्टलवर ती पूर्ण करावी लागते, नाहीतर पुढे सरकत नाही. पोचपावतीचा क्रमांक जपा.

फोनमध्ये एपीके शिरल्याचा संशय असेल तर आधी विमान मोड लावा, मग सिम काढून साध्या फोनमध्ये घाला. बँकेचे ओटीपी आता तिथे येतील आणि खाती बंद करून घेता येतील. घाबरून लगेच फॅक्टरी रिसेट करू नका. मेसेज, ती फाइल, चॅट यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढा, रिसेट तक्रारीनंतर.

बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमानुसार, चूक ना ग्राहकाची ना बँकेची, आणि ग्राहकाने कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काहीही बोजा येत नाही. कामाच्या चार ते सात दिवसांत कळवलं तर नेहमीच्या बचत खात्याला १०,००० पर्यंतचा फटका बसू शकतो. स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना हे संरक्षण नाही. तिथे कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. काउंटरवर तुम्हाला सरसकट ‘तुम्हीच ओटीपी दिला असेल’ असं ऐकवलं जाईल. अर्जात ‘ग्राहकाने ओटीपी दिलेला नाही, फोनमधल्या अ‍ॅपने एसएमएस वाचले’ असं खरं असेल तर स्पष्ट लिहा. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं त्याच नियमाने बँकेवर टाकलं आहे.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा फेटाळलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन इथे तक्रार करता येते, फी नाही. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. दरम्यान ‘तुमचे गेलेले पैसे परत आणून देतो’ म्हणणारे वकील, हॅकर, ‘सायबर सेल’चे अधिकारी फोन करू लागतील. ही त्याच टोळ्यांची दुसरी फेरी असते; खरी तक्रार नोंदवायला कुठेही पैसे लागत नाहीत.

रक्कम गोठली असेल, तर कोणत्या बँकेत किती गोठली ते तपास अधिकाऱ्याकडून लिहून घ्या. ती परत मिळवण्यासाठी सहसा न्यायालयाचा आदेश लागतो, आणि त्या अर्जाला पोर्टलचा पोचपावती क्रमांक, बँकेचा शिक्का असलेली तक्रार आणि गोठलेल्या रकमेचा तपशील हे तीन कागद जोडावे लागतात.